हॅडलीव्हिलची बाकीची माणसं

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. प्रोजेक्टर कुणाच्या तरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला, पडदा म्हणजे इस्त्री केलेली डबलबेडची चादर, आणि खुर्च्या उठताना साडीला चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या. मागच्या खेपेला 'हाय नून' लावला होता, १९५२ चा अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा. हॅडलीव्हिल गावाचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, विल केन (गॅरी कूपर) याचं नुकतंच लग्न लागलंय, आणि त्याने तुरुंगात धाडलेला गुंड मिलर सुटून दुपारच्या गाडीने सूड घ्यायला येतोय. केन गावभर मदत मागत फिरतो आणि कुणीच येत नाही, एवढीच गोष्ट. निवडीमागे फार मोठी रसिकता होती अशातला भाग नाही. ८५ मिनिटांचा आहे, साडेआठला संपतो, जेवणं वेळेवर होतात, एवढ्या गुणांवर तो पास झाला. सिनेमा संपला, ट्यूबलाइट फडफडत लागल्या, चहा आला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, जन्मभर सरकारी नोकरीत शिस्तीचे म्हणून नावाजलेले, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "हा कसला हिरो? पिक्चरभर दारोदार हात पसरत फिरतोय. मार्शल ना तू? मग कर की तुझं काम!" दोन-चार माना डोलल्या. काकू शेजारीच होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "तो आपल्या दाराशी आला असता, तर तुम्ही गेला असतात का हो त्याच्याबरोबर?" काकांनी चहा संपवला, बशी कपाखाली सरकवली आणि म्हणाले, "ते वेगळं."

वेगळं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. पण माझ्या डोक्यातून ते दोन शब्द काही केल्या जाईनात.

गंमत म्हणजे काकांची तक्रार जवळपास शब्दशः हॉलिवूडच्या एका फार मोठ्या माणसाने करून ठेवलेली आहे. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. त्याचं म्हणणं असं, की चांगला मार्शल असा मुंडी छाटलेल्या कोंबडीसारखा गावभर मदत मागत पळत सुटत नाही, आणि शेवटी त्याला वाचवायला कोण येतं, तर त्याची क्वेकर, म्हणजे हिंसा निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, बायको! हॉक्सला हा सिनेमा इतका झोंबला, की त्याने काउबॉयपटांचा बडा नट जॉन वेन याला घेऊन १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' हा १४१ मिनिटांचा सिनेमाच उत्तर म्हणून काढला. टीकाकार लेख लिहितात, प्रेक्षक पैसे वसूल झाले नाहीत म्हणून कुरकुरतात, पण एखाद्या सिनेमावरचं मत मांडायला दुसरा अख्खा सिनेमा काढणारा माणूस विरळाच. आणि तोही झकास सिनेमा. तिथेच सगळी पंचाईत आहे. उत्तर टुकार असतं तर प्रश्न केव्हाच मिटला असता.

मी 'हाय नून' पहिल्यांदा पाहिला तो बाबांबरोबर, घरच्या टीव्हीवर. बाबांना काउबॉयच्या पिक्चरांचं भयंकर वेड. कॉलेजात असताना कॅम्पातल्या थिएटरात सकाळच्या खेळाला जायचं, स्वस्तातल्या तिकिटात पुढच्या रांगेत बसायचं आणि घोड्यांची धूळ अंगावर घ्यायची, असं ते रंगवून सांगत. त्यामुळे आमच्या घरात रँडॉल्फ स्कॉट आणि जॉन वेन ही नावं लांबच्या नातेवाइकांसारखी वावरत. 'हाय नून' मात्र त्यांच्या पचनी पडला नाही. घोडदौड नाही, दऱ्याखोरी नाहीत, लाल मातीचे डोंगर नाहीत. काळ्यापांढऱ्या रस्त्यावरून एक वयस्कर माणूस नुसता चालतोय आणि घड्याळ बघतोय. "गॅरी कूपर म्हातारा झाला," एवढंच ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "रडका आहे." केन चर्चमध्ये जाऊन मदत मागतो ती सभा सुरू झाली तेव्हा ते उठून पाण्याची मोटर बंद करायला गेले, आणि सभा संपल्यावर आले.

कूपर तेव्हा ५० वर्षांचा होता आणि त्याच्या बायकोचं काम करणारी ग्रेस केली २१-२२ ची. हे अंतर लोकांना तेव्हाही खुपलं, आजही खुपतं, आणि खुपावं असंच आहे. पण त्या चेहऱ्याबद्दल बाबांशी माझं कधी पटलं नाही. कूपरला त्या दिवसांत अल्सर होता, कंबर आणि पाठ धरलेली असायची. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बी आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमान यांनी त्या दुखण्यावर मेकअप फासला नाही. त्या काळी वेस्टर्नमध्ये आकाश म्हणजे फिल्टर लावून काढलेले कापसाचे ढग. इथे फिल्टर नाही. आकाश पांढरंफटक, उन्हात डोळे मिटावेत असं. अमेरिकन यादवी युद्धाचे मॅथ्यू ब्रेडीचे जुने फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्या पांढऱ्या आकाशाखाली काळा कोट घातलेला माणूस चालतो तेव्हा त्याला लपायला सावलीसुद्धा नाही असं वाटतं. गालाच्या वळ्या दिसतात, ओठ सुकलेला दिसतो, आणि कुणी 'नाही' म्हटलं की डोळ्यांत अपमानाच्या आधी आश्चर्य येतं. प्रत्येक दारावर नव्याने आश्चर्य. पाचव्या-सहाव्या दारावर ते थोडं कमी होतं. अभिनयाचं ऑस्कर त्याला मिळालं ते माझ्या मते त्या कमी होत जाणाऱ्या आश्चर्यासाठी मिळायला हवं होतं. परीक्षकांनी कशासाठी दिलं, देव जाणे.

मदत मागणाऱ्या हिरोची चीड समीक्षकांनाही आली, फक्त त्यांनी ती जरा भारदस्तपणे मांडली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने 'सुपरवेस्टर्न' अशी एक जात पाडली आणि 'हाय नून'ला त्यात बसवलं. नुसतं वेस्टर्न असायची लाज वाटते म्हणून समाजकारण, मानसशास्त्र असं काहीतरी वरून पांघरून येणारा सिनेमा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत रॉबर्ट वॉरशोने १९५४ मध्ये वेस्टर्नच्या नायकावर लिहिलेल्या निबंधात, जो आजही वाचावा इतका चांगला आहे, याच चर्चच्या सभेवर बोट ठेवलं. गावातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कारणाने भेकड दाखवायचा, म्हणजे सामान्य लोकांबद्दलची एक स्वस्त तुच्छता झाली, असा त्याचा आक्षेप. वेस्टर्नचा नायक एकटा असतो कारण तो तसा आहे. त्याला एकटं पाडण्यासाठी गावाची नालस्ती कशाला? दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या समीक्षकांच्या मंडळाने १९५२ चा सर्वोत्कृष्ट सिनेमा म्हणून यालाच निवडलं. ऑस्करला मात्र सर्वोत्कृष्ट सिनेमाचा मान गेला सेसिल डिमिलच्या सर्कशीच्या सिनेमाला. 'हाय नून'च्या वाट्याला चार ऑस्कर आले: कूपर, संकलन, संगीत आणि गाणं.

वॉरशोचा आक्षेप मला अनेक वर्षं बिनतोड वाटत होता. आता वाटत नाही. त्याचं कारण एक सभा, पण तिच्याकडे नंतर येते.

आधी जॉन वेन. या सिनेमाबद्दलच्या मतांचा इतिहास लिहायचा तर त्याला टाळून चालायचं नाही. १९५३ च्या मार्चमधला ऑस्कर सोहळा, टीव्हीवर दाखवला गेलेला पहिलाच. कूपर हजर नव्हता, म्हणून त्याचं बक्षीस घ्यायला त्याचा मित्र वेन स्टेजवर गेला. कूपरचं कौतुक केलं आणि वर म्हणाला, आता जाऊन माझ्या एजंटला आणि मॅनेजरला धरतो आणि विचारतो, की हा रोल मला का नाही मिळाला! हशा, टाळ्या. आणि १९७१ मध्ये 'प्लेबॉय'च्या मुलाखतीत तोच वेन म्हणतो, की आयुष्यात पाहिलेली सर्वांत अन-अमेरिकन गोष्ट म्हणजे हा सिनेमा. पुढे म्हणतो, शेवटी कूपर तो मार्शलचा बिल्ला पायाखाली घेऊन तुडवतो.

तो तुडवत नाही.

मी तो शेवट मागेपुढे करून पाहिला आहे. गोळीबार थांबलेला, घराघरांतून लोक धावत बाहेर आलेले, गर्दीतून केनला मदत करू पाहणाऱ्या पोराने घोडागाडी आणलेली. केन लोकांकडे एकवार बघतो. कोटावरचा पत्र्याचा तारा काढतो, हातातून मातीत टाकतो आणि बायकोबरोबर गाडीतून निघतो. पाय त्या ताऱ्याच्या जवळपासही जात नाही. इतकंच कशाला, तो बिल्ला अमेरिकेच्या सरकारचाही नाही, एका फुटकळ गावाच्या मार्शलचा आहे. पण वेनच्या आठवणीत तो देशाचा झाला आणि त्यावर पायही पडला. नावडता सिनेमा माणूस डोक्यात पुन्हा एडिट करत असावा. आपल्या रागाला शोभेलसा शॉट तिथे नसला तर तो स्वतःच काढून जोडतो. आमच्याकडेही जुन्या मराठी नाटकांबद्दल असं बोलणारे खूप भेटतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

वेनचा राग नुसत्या बिल्ल्याचा नव्हताच. पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन हा एकेकाळचा कम्युनिस्ट. सप्टेंबर १९५१ मध्ये ऐन शूटिंगमध्ये त्याला अमेरिकन काँग्रेसच्या, कम्युनिस्ट हुडकून काढणाऱ्या त्या कुप्रसिद्ध समितीपुढे उभं राहावं लागलं. इतरांची नावं सांग म्हणाले, त्याने सांगितली नाहीत. मग हॉलिवूडमध्ये काम मिळू न देणारी काळी यादी, निर्माता आणि जुना भागीदार स्टॅनली क्रेमरशी फारकत, आणि इंग्लंडला प्रयाण. पटकथेचं शेवटचं लिखाण चालू असताना हे सगळं डोक्यावर टांगलेलं होतं, आणि सिनेमातले कित्येक संवाद हे तेव्हा मित्रांकडून प्रत्यक्ष ऐकलेलेच होते, असं फोरमनने पुढे सांगितलं. वेन त्या वेळी कम्युनिस्टविरोधी कलावंतांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि फोरमनला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचं आपल्याला मुळीच वाईट वाटत नाही, असं त्याच मुलाखतीत बोलून गेला. कूपरही त्याच संघटनेचा, उजव्या विचारांचा, १९४७ मध्ये त्याच समितीपुढे हसतमुखाने साक्ष देऊन आलेला. तरी तो शूटिंगच्या काळात फोरमनच्या बाजूने उभा राहिला. फोरमनने नवी कंपनी काढली तेव्हा त्यात पैसे घालायला तयार झाला. मग दबाव आला, आणि कूपरने नाव मागे घेतलं. फोरमनने त्याला कधी दोष दिला नाही म्हणतात. पडद्यावर जो माणूस शेवटपर्यंत रस्त्यात उभा राहिला, त्यालाही पडद्याबाहेर चर्चमधल्या बाकावर जाऊन बसावंच लागलं. मला यात कूपरची निंदा करावीशी वाटत नाही. निदान तो दारापर्यंत तरी आला होता.

एवढं राजकारण चिकटल्यावर सिनेमा एका बाजूचा होऊन बसायला हवा होता. तसं झालं नाही. सोव्हिएत युनियनमध्ये त्यावर टीका झाली ती एकट्या माणसाला इतकं डोक्यावर घेतलं म्हणून. आयसेनहॉवरपासून क्लिंटनपर्यंत दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी तो व्हाइट हाउसमध्ये पुनःपुन्हा लावून पाहिला. प्रत्येकाला तो स्वतःचा वाटला असणार, कारण सत्तेत बसलेल्या माणसाला आपण एकटेच लढतोय असं वाटण्याची जन्मजात सोय असते. आणि जून १९८९ मध्ये पोलंडमध्ये निवडणूक आली तेव्हा कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या पोस्टरवर गॅरी कूपर अवतरला. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर ताऱ्याच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला. तोमाश सार्नेत्स्की नावाच्या तरुण चित्रकाराचं ते काम. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. एका माजी कम्युनिस्टाने लिहिलेला नायक कम्युनिस्ट सरकार पाडायला भिंतीभिंतींवर चिकटवला गेला. वेन तेव्हा हयात नव्हता, हे त्याच्या दृष्टीने बरंच म्हणायचं.

हे सगळे केनबद्दल भांडतात. तो शूर की बावळट, अमेरिकन की अन-अमेरिकन, डावा की उजवा. मला मात्र वय वाढेल तसा केन कमी दिसायला लागला आणि हॅडलीव्हिल जास्त. हॉटेलातला तो कारकून बघा. मिलर होता तेव्हा धंदा चालायचा, असं तो केनच्या बायकोला तोंडावर सांगतो. न्हावी आपल्या माणसाला हळूच विचारतो, शवपेट्या किती आहेत, आणि आणखी दोन लागतील असा हिशेब करतो. मिलरला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश महाराज सर्वांत आधी गाशा गुंडाळतात. झेंड्याची नीट घडी घालतात, न्यायदेवतेचा छोटा तराजू खोगिराच्या पिशवीत कोंबतात, आणि हे करता करता केनला प्राचीन अथेन्सचा दाखला देतात. हात चालू, तोंड चालू. आणि तो सॅम फुलर. केन दाराशी येताना दिसतो तसा बायकोला पुढे करतो, मी घरी नाही म्हणून सांग. ती बिचारी सांगते, चर्चला गेलेत. केन विचारतो, तुम्हाला न घेता? ती म्हणते, मी कपडे करून निघतेच आहे. तो निघून जातो. आतल्या खोलीत नवरा तिच्यावर उखडतो, तुला काय विधवा व्हायचंय? बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आहे त्याला मी राग म्हणणार नाही. आपण कुणाबरोबर राहतो हे आपल्याला आजवर माहीत होतंच, फक्त आज ते दाराबाहेरच्या माणसालाही कळलं, एवढंच त्यात आहे. मिनिटभराचा प्रसंग असेल. आमच्या हॉलमध्ये तेव्हा कुणीतरी हसलं, आणि बायकांच्या बाजूने कुणीच हसलं नाही.

मग चर्च. मला वॉरशोपासून तोडणारी सभा ती हीच. केन आत येतो, प्रवचन थांबतं. पाद्री आधी चिमटा काढतो, लग्न करायला आमचं चर्च नाही चाललं, आता मात्र आठवण झाली. काही जण उठतात सुद्धा, आत्ता जाऊ म्हणून. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, थांबा, हे केन आणि मिलरचं खाजगी भांडण आहे. लहान मुलांना बाहेर पाठवलं जातं आणि शिस्तीत चर्चा सुरू होते. आम्ही पगार कशाचा देतो? त्या वरच्या राजकारण्यांनी मिलरला सोडला, त्यांना विचारा. एक बाई उठून सगळ्यांना फैलावर घेते, भल्या घरच्या बायकांना रस्त्यावर फिरायची सोय नव्हती ते दिवस विसरलात का म्हणून. ती खाली बसते आणि चर्चा जिथे होती तिथून पुढे चालू. पाद्रीला विचारलं तर तो म्हणतो, हत्या करू नये असं धर्म सांगतो, पण ती करायला आपण माणूस नेमतो, मी काय सांगणार. यातलं एकही वाक्य मूर्खपणाचं नाही. प्रत्येक जण आमच्या काकांच्याच चालीवर बोलतो आहे. आम्ही गेलो असतो, पण ते वेगळं. वॉरशोला ही नालस्ती वाटली. मला ते इतिवृत्त वाटतं.

आणि सर्वांत शेवटी उठतो तो हेंडरसन. थॉमस मिचेलने हे काम इतक्या आपुलकीने केलं आहे, की पहिल्यांदा बघताना तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता, आला एकदाचा शहाणा माणूस. तो केनची स्तुती करतो. आपल्या गावावर याचे उपकार आहेत म्हणतो, याच्यासारखा मार्शल झाला नाही म्हणतो. सगळ्यांच्या माना खाली जातात. मग त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, तो सांगतो की उत्तरेकडचे पैसेवाले आपल्या गावाकडे डोळे लावून आहेत, दुकानं यायची आहेत, कारखाने यायचे आहेत, आणि रस्त्यात गोळीबार झाल्याचं त्यांनी वाचलं तर काय वाटेल? म्हणून विल, तू जा. तुझ्या भल्यासाठी सांगतो. तूच नसलास तर भांडण कुणाशी होणार?

आमची जुनी बिल्डिंग होती तेव्हा बाबा तिचे सेक्रेटरी होते. गच्चीचा अर्धा भाग एका सभासदाने पत्रे ठोकून आपल्या घराला जोडून घेतला होता. वरपर्यंत ओळखी असलेला माणूस. बाबा तक्रारअर्ज घेऊन ऑफिसातून आल्यावर घरोघर सह्या मागायला जात. मी कधीकधी बरोबर असायची, पेन आणि पॅड सांभाळायला. प्रत्येक घरी चहा मिळायचा. "सही काय, करू की, आधी बाकीच्यांच्या होऊ देत." मग सर्वसाधारण सभा झाली. एक ज्येष्ठ सभासद उठले आणि बाबांबद्दल इतकं सुंदर बोलले, की आई पदराने डोळे टिपायला लागली. असा निःस्वार्थी सेक्रेटरी मिळायला भाग्य लागतं म्हणाले. आणि म्हणूनच, साहेब, आता तब्येत सांभाळा. प्रकरण पेपरात गेलं तर बिल्डिंगचं नाव खराब होईल, उद्या फ्लॅट विकायला काढले तर भाव येणार नाही. टाळ्या झाल्या. बाबांना शाल आणि नारळ दिला. पत्रे अजून आहेत.

बाबांनी 'हाय नून' टीव्हीवर पाहिला तो या सभेनंतर दोन-तीन वर्षांनी. त्यांना तो रडका वाटला. मोटर बंद करायला ते खरंच गेले होते का, पाणी भरलं होतं का, हे मला आठवत नाही आणि मी विचारलं नाही. पुढेही कधी वेस्टर्नचा विषय निघाला की ते 'रिओ ब्राव्हो'बद्दलच बोलत. त्यात शेरीफ कुणाकडे काही मागत नाही, हे त्यांना फार आवडायचं.

आणि इथे मी हॉक्सशी भांडते, बाबा नाहीत तर हॉक्स तरी. 'रिओ ब्राव्हो'चा शेरीफ मदत मागत नाही हे खरंच आहे. जुना मित्र आपली माणसं देऊ करतो, त्यालाही तो नको म्हणतो, तुमची माणसं हौशी आहेत म्हणतो. पण न मागता त्याला काय काय मिळतं पाहा. एक दारुडा डेप्युटी, ज्याच्यासाठी कुणीतरी थुंकदाणीत चांदीचा डॉलर फेकतो त्या पहिल्याच प्रसंगात आपल्याला पोटात तुटतं. एक लंगडा, बडबड्या म्हातारा. एक कोवळा पोरगा. आणि जुगारी म्हणवली जाणारी एक बाई, जी खिडकीतून कुंडी फेकून ऐन वेळी शेरीफला वाचवते. आता परत हॅडलीव्हिलला या. केनकडे आपणहून मदत करायला कोण येतं? एका डोळ्याने अधू असलेला एक दारुडा, ज्याला केन दारूला पैसे देऊन परत पाठवतो. आणि सोळाचा आहे म्हणून खोटं सांगणारा चौदा वर्षांचा पोरगा. केन टेबलावर डोकं टेकून बसलेला असतो, नेमका तेव्हा तो पोरगा आत येतो. केनने ज्यांना नको म्हटलं, त्यांनाच गोळा करून हॉक्सने आपला सिनेमा उभा केला असं मला हल्ली वाटतं. तसं त्याने मुद्दाम केलं की नकळत, कोण जाणे. चर्चमध्ये बसलेली प्रतिष्ठित मंडळी मात्र हॉक्सलाही कुठून आणता आली नाहीत. त्याने त्यांना सिनेमातच घेतलं नाही. त्याच्या गावात जनरल बॉडी भरतच नाही. म्हणून तो सिनेमा इतका सुखाचा आहे, आणि पाऊस पडत असताना, भजी खात, मी तो पुन्हा कधीही बघेन.

राहिली क्वेकर बायको, जिच्यामुळे हॉक्सला केनची लाज वाटली. एमीचा बाप आणि भाऊ गोळीनेच गेलेले असतात, म्हणून ती हिंसेपासून लांब पळालेली. ती स्टेशनवर जाऊन गाडीत बसते. पहिली गोळी ऐकून उतरते, पळत येते, आणि खिडकीतून एका माणसाला पाठीत गोळी घालते. पाठीत. वेस्टर्नच्या सगळ्या शिष्टाचाराला तिने तिथे काडी लावली. त्याआधी तिला आरसा दाखवणारी हेलन रामिरेझ, केटी हुराडोने उभी केलेली, गावातली एकमेव व्यक्ती जिला काय होणार हे पहिल्या मिनिटापासून कळलेलं असतं. ती मेक्सिकन आहे, या गावाची सभ्यता तिने दुसऱ्या बाजूने पाहिलेली आहे. ती कुणाला भाषण देत नाही, आपलं दुकान विकते, पैसे मोजते आणि निघते. हा माझा माणूस असता तर मी बंदूक घेऊन उभी राहिले असते, असं ती एमीला सांगते, आणि तो आता तिचा नाही म्हणून गाडीत बसते. हुराडोला या कामासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. हॉलच्या चर्चेत तिचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. मीही नाही घेतलं, तोवर वडे आले होते.

एक बारकावा सिनेमात असा सहज येऊन जातो, की त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नवा मार्शल उद्या येणार आहे. सकाळी लग्न लावताना सगळे तेच म्हणत असतात, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, निश्चिंत जा. म्हणजे केनची गाडी वळणाआड गेल्यावर हॅडलीव्हिलला रात्र काढायची आहे, चार मुडदे उचलायचे आहेत, न्हाव्याचा हिशेब बरोबर निघालेला आहे. आणि मातीत पडलेला तो तारा कुणीतरी उचलून, पुसून ठेवणार, कारण उद्या लागणार आहे. मला खात्री आहे, दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला स्टेशनवर हेंडरसन स्वतः गेला असेल. नव्या माणसाची बॅग त्याने स्वतःच्या हाताने घेतली असेल आणि चालता चालता सांगितलं असेल, गाव फार चांगलं आहे हो आमचं, काही लागलं तर निःसंकोच सांगा.